फडकं मारण्याआधी पाणी मारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत हिवाळ्यातल्या गाडीच्या निगेबद्दल एक चौकट होती. तिच्यातले दोन सल्ले वाचून मी कागद घेऊन बसलो. पहिला सल्ला असा, की सकाळी गाडीवर दव असेल तर कोरड्या फडक्यानं पुसून काढावं, म्हणजे धुवायची गरजच पडत नाही. दुसरा, की काचेवर बर्फ गोठलं असेल तर गरम पाणी ओतावं. मी ३१ वर्षं गाड्यांना रंग मारण्याचं काम केलं. लोक हे असले सल्ले पाळत होते म्हणून तर माझं घर चाललं! आता मी निवृत्त आहे, त्यामुळे खरं सांगायला हरकत नाही.

आधी रंग किती पातळ असतो ते सांगतो, कारण तिथंच सगळी गोम आहे. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, म्हणजे क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. एका मिलिमीटरमध्ये १,००० मायक्रॉन असतात, म्हणजे हिशेब लक्षात येईल. त्यातला लॅकर ४० ते ५० मायक्रॉनच्या आसपास. बहुतेकांच्या डोक्यावरचा केस याहून जाड असतो. गाडीची चकाकी म्हणून आपण जे मिरवतो ते सगळं या केसाएवढ्या थरात.

आता धूळ. धुळीत बारीक वाळू असतेच, आणि वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ. कडकपणाच्या मोह्‌स मापावर त्याचा आकडा ७. साधी काच त्याच्याखाली येते आणि आपला लॅकर तर शेवटी प्लास्टिकच्याच जातीचा. हिवाळ्यात हवा जड होऊन खालीच बसते, धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहतात, आणि रात्री दव पडलं की ती सगळी पत्र्यावर चिकटते. सकाळी बॉनेटवर दिसतो तो ओलसर पातळ चिखल असतो. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. आमच्या कामात आम्ही पेपर पाण्यात भिजवून, नंबर बघून, बेतानं घासतो. इथं नंबरही माहीत नाही आणि बेतही नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, माझ्याच गाडीवर केलेलं आहे. काळी गाडी होती, नवी कोरी. थंडीची सकाळ, निघायची घाई. जुन्या बनियनचं फडकं घेतलं आणि बॉनेट, छत, दोन्ही दारं चार मिनिटांत पुसून निघालो. गाडी लख्ख दिसत होती. रात्री परत येऊन दिव्याच्या खांबाखाली लावली आणि वळून बघतो तर बॉनेटवर कोळ्यानं जाळं विणावं तसे गोल गोल चरे. खरं तर ते गोल नसतात, सगळ्या दिशांना पसरलेले असतात. उजेड ज्यांच्यावर आडवा पडतो तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती जाळं दिसतं. दुसऱ्यांच्या गाड्यांवर हेच जाळं काढून देणारा मी, माझ्या गाडीवर चार मिनिटांत विणून बसलो होतो.

कंपाउंड, म्हणजे बारीक घासणारी पेस्ट, लावून बफिंग केलं, जाळं गेलं. पण बफिंगनं चरा भरतो, हा लोकांचा गैरसमज असतो. चऱ्याच्या दोन्ही बाजूंचा लॅकर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, एवढंच ते काम. दर वेळी काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. दर हिवाळ्याला बफिंग करून घेणारे हौशी मी पाहिलेत. पाच-सहा वर्षांत त्यांच्या बॉनेटच्या कडांवर लॅकर उरलेला नसायचा. तिथं मग नवा रंगच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: हात लावण्याआधी पाणी. थंडीत माणूस नेमकं हेच टाळतो, कारण पाणी गार असतं आणि बोटं बधिर होतात. पाइप धरून छतापासून खालपर्यंत नुसत्या पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्या, आणि चिखल असेल तर शाम्पूचा फेस मारून पाच मिनिटं थांबा. चिखल भिजून स्वतःहून सुटतो. तुम्ही जेवढा वेळ इथं द्याल तेवढं पुढं घासायचं काम कमी.

मग बादल्या दोन घ्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच परत शाम्पूत. एकच बादली असली तर पहिल्या दाराची माती दुसऱ्या दाराला लागते. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की मी त्याच्याच बादलीतला स्पंज त्याच्या कानाशी धरून दाबायचो. आतून कचकच असा बारीक आवाज यायचा, दाताखाली खडा यावा तसा. मग तो गप्प. आपणही एकदा करून बघा. चाकांसाठी फडकं आणि पाणी वेगळं. तिथं ब्रेकची लोखंडी पूड असते. गाडीचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, आणि हात गोल नको, सरळ फिरवा. चरा पडलाच तर सरळ चरा कमी नजरेत येतो.

भांड्याच्या साबणानं गाडी धुणारे बरेच भेटतात. ग्रीस निघावं म्हणून तो साबण केलेला असतो. गाडीवरचं मेणही तो ग्रीस समजून काढून टाकतो. हिवाळा सुरू होण्याआधी मेणाचा किंवा सीलंटचा हात दिला असेल तर तो थंडीभर मळ आपल्या अंगावर घेतो. तो धुऊन टाकायचा आणि मग लॅकरनं मार खायचा, हे कशासाठी?

दुपारची वेळ निवडा. हवा निदान ५ अंशांच्या वर हवी. इंजिन गरम असेल तर बॉनेट निवू द्या. बादलीत कोमट पाणी घेतलंत तर चालेल, माझी ना नाही, हात तरी शाबूत राहतात.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ म्हणतात, थंडीत गाडी धुऊच नये. कोरड्या धुळीपुरतं त्यांचं निम्मं बरोबर आहे. पाण्याची सोय नसेल तर आठवडाभर धूळ तशीच राहू द्या, नुसती पडून राहिलेली धूळ चरे पाडत नाही, पुसणारा पाडतो. पण पक्ष्यांची विष्ठा ठेवू नका, ती लॅकर खाते. ओलं फडकं तिच्यावर दहा मिनिटं ठेवायचं आणि वरच्या वर उचलायचं. रगडायचं नाही, कारण तिच्यातही कण असतात.

बर्फाच्या मुलखात मात्र त्यांचं म्हणणं साफ चुकतं. माझी मुलगी अशा ठिकाणी राहते, एक अख्खा हिवाळा मी तिच्याकडे काढला. तिथं रस्त्यावर मीठ टाकतात, कारण खारं पाणी शून्याच्या बऱ्याच खाली गोठतं. कडाका जास्त असला की कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेऊन पत्रा सतत ओला ठेवतं. मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. माणसाला वाटतं, गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली की सुखात राहील. पण मिठानं माखलेली गाडी कडाक्यात बाहेर राहिली तर गंज हळू चढतो, उबेत आणली की वेगानं. लॅकर धड असेल तोवर मीठ रंगाचं फारसं बिघडवत नाही. खडा उडून जिथं टवका गेलाय तिथं ते शिरतं आणि आतून रंग उचलायला लागतं. म्हणून थंडीआधी टवके टचअपच्या रंगानं बुजवायचे आणि हवा जरा निवळली की गाडीचं बूड, चाकांच्या वरची पोकळी, दारांच्या खालच्या कडा पाण्यानं मारून घ्यायच्या. दाराच्या तळाला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती बुजलेली नाहीत ना, हे बघावं. प्रेशरचा पाइप टवक्यापासून दीड-दोन फूट लांब, नाहीतर सुटलेल्या कडेखाली पाणी घुसून रंगाचा पापुद्राच निघतो. फिरत्या ब्रशांच्या मशीनमध्ये मी तरी गाडी घालणार नाही; आपल्या आधी कोण चिखलातून आलं होतं ते ब्रशाला आठवत असतं.

बर्फ झाडतानाही काचेचं खरवडणं काचेपुरतंच ठेवा. पत्र्यावरचं बर्फ मऊ फोमच्या फळीनं वरवर ढकला आणि शेवटचा पातळ थर राहू द्या. तो खरवडायच्या मोहात माणूस लॅकर खरवडतो.

आता गरम पाणी. गोठलेल्या काचेवर ते पडलं की वरचा भाग एकदम प्रसरण पावतो, आतला गारच राहतो. काचेला आधीच बारीक टवका असेल तर तिथून तडा धावतो. शिवाय ओतलेलं पाणी वाहून वायपरच्या बुडाशी आणि दाराच्या फटीत जातं आणि थोड्या वेळात तिथं नवा बर्फ. इंजिन चालू करून आतल्या गरम हवेनं काच सावकाश सुटू द्यावी.

फटीतल्या पाण्याचा धडा मला त्याच हिवाळ्यात मिळाला. संध्याकाळी मोठ्या हौसेनं मुलीची गाडी धुतली, पुसली, पाठ थोपटून घेतली. दारांच्या आतलं रबर पुसायचं राहिलं. सकाळी जावयांनी दार ओढलं, ते हलेना. जोर लावला तर दार उघडलं, पण अर्धा हात लांब रबराची पट्टी चौकटीलाच चिकटून राहिली, फाटलेल्या चपलेच्या अंगठ्यासारखी लोंबत. जावई काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून धुऊन झालं की चारही दारं आणि डिकी उघडून रबरं कोरडी करतो, त्यांना सिलिकॉनचा हात देतो, गाडी थोडी फिरवून दोन-चारदा ब्रेक दाबतो म्हणजे डिस्क सुकतात. हवा गोठणारी असेल तर हँडब्रेकवर सोडत नाही. सपाट जागा बघून गिअरमध्ये ठेवतो.

आपली चौकट कात्रण करून ठेवणारे वाचक असतात, मी स्वतः ठेवतो. म्हणून विनंती, की पुढच्या अंकात त्याच जागी या दोन सल्ल्यांची दुरुस्ती छापावी. जागा कमी असेल तर गरम पाण्याचं राहू द्या, ते लोकांना काच तडकल्यावर कळेलच. दवावरच्या कोरड्या फडक्याचं तेवढं नक्की छापा, कारण तो चरा सकाळी दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त गाडी-रंगारी