लायब्ररीची वाट बांधून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

निरोप समारंभात आभार मानले गेले, पण तुम्ही नेमकं काय केलंत ते कुणीच धड बोललं नाही. ते मला बोलायचं आहे, आणि मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांसारख्या संस्थांच्या मोठ्या संगणकांवर, काम करणाऱ्या इतरांनीही वाचावं म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

एससीएलएम (प्रोग्रॅमच्या आवृत्त्या सांभाळणारं आयबीएमचं साधन) बसवलं की लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅम ठेवण्याची जागा, आपोआप सुरक्षित होते, असा समज बऱ्याच ठिकाणी असतो. डेव्हलपमेंट, टेस्ट, प्रॉडक्शन अशा पायऱ्या आखलेल्या, वर जायचं ते प्रमोट करूनच, म्हणजे एससीएलएममार्फत पुढच्या पायरीवर पाठवूनच. पण अंधेरीच्या ऑफिसात पहिल्याच बैठकीत तुम्ही विचारलंत, "प्रमोट कुणाच्या आयडीवर चालतं?" उत्तर होतं, ज्याच्या त्याच्या. म्हणजे प्रमोट करणाऱ्याला वरच्या पायरीच्या डेटासेटवर (फाइलवर) अपडेटचा, म्हणजे बदल करण्याचा, हक्क द्यावाच लागतो. आणि तो एकदा मिळाला, की आयएसपीएफ या मेनफ्रेमच्या मेनूतल्या ३.३ या कॉपीच्या पर्यायातून थेट कॉपी करायला त्याला अडवणार कोण? एससीएलएमच्या अकाउंटिंग फाइलला, म्हणजे त्याच्या नोंदवहीला, अशा कॉपीचा पत्ताच नसतो. प्रॉडक्शनमध्ये चालणारं लोड मॉड्यूल (सोर्सपासून तयार केलेला, प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम) एका सोर्सचं आणि लायब्ररीतला सोर्स दुसराच, हे बँकेच्या सिस्टिममध्ये किती भयंकर, ते तुम्ही आवाज न चढवता पटवलंत.

रॅकएफ, म्हणजे कुणाला कशाचा हक्क ते ठरवणारी मेनफ्रेमची सुरक्षा यंत्रणा, १९७६ पासून आहे, पण त्याची कंडिशनल ॲक्सेस लिस्ट (अटीवर हक्क देणारी यादी) इतक्या विचाराने वापरलेली मी तुमच्याकडेच पाहिली. सगळीकडे यूएसीसी नन, म्हणजे यादीत नसलेल्याला काहीच हक्क नाही. डेव्हलपरला एरवी फक्त रीड; अपडेट मिळणार तो एससीएलएमच्या प्रोग्रॅममधून आला तरच. त्याच सत्रात एखादा अनियंत्रित (रॅकएफमध्ये नियंत्रित म्हणून न नोंदवलेला) प्रोग्रॅम लोड झाला असेल तर तेही नाही. प्रोजेक्ट डेफिनिशनची लायब्ररी तर तुम्ही सर्वांत आधी बंद केलीत. ती ज्याला बदलता येते त्याला या पायऱ्याच बदलता येतात, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

पण माझ्या लेखी तुमचं खरं मोठेपण पुढच्या टप्प्यात दिसलं. कुलूप एका रात्रीत लावता आलं असतं. तुम्ही प्रोफाइल (रॅकएफमधले हक्कांचे नियम) आधी वॉर्निंग मोडमध्ये ठेवलीत. त्यात रॅकएफ अडवत नाही, फक्त इशारा देऊन नोंद करतं. म्हणूनच तो मोड रेंगाळू द्यायचा नाही, हेही तुम्हीच बजावलंत. एसएमएफ या सिस्टिमच्या नोंदवहीतल्या टाइप ८०, म्हणजे रॅकएफच्या, रेकॉर्डांचे रिपोर्ट घेऊन तुम्ही एकेकाच्या टेबलापाशी जायचात. "हे तुमच्या आयडीवरून झालंय, कशासाठी लागतं?" एवढंच विचारायचात. आरोपाचा सूर कधी नव्हता, म्हणून लोकांनी खरं सांगितलं. त्यातूनच महिनाअखेरीचा तो जुना जॉब सापडला, प्रॉडक्शन लायब्ररीत थेट लिहिणारा. तो तसाच राहिला असता तर कुलूप लागल्यावर ऐन महिनाअखेरीला आयसीएच४०८आय (रॅकएफचा हक्क नाकारल्याचा संदेश) येऊन आडवा झाला असता.

यंदा ऑडिटरने विचारलं, प्रॉडक्शन लायब्ररी थेट कोण बदलू शकतं? आम्ही प्रोफाइलची लिस्टिंग पुढे ठेवली आणि तो पुढच्या मुद्द्यावर गेला. मॅडम, हे तुमच्यामुळे. मनापासून आभार.

टीममध्ये नवीन मुलं आली आहेत. डोंबिवलीहून यायचा त्रास नको, आम्हीच एका रविवारी त्यांना घेऊन तुमच्याकडे येतो. चालेल ना?

तुमची,
एक विद्यार्थिनी