जुन्या खांबाला नवी फळी बसेना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा तोंडावर आला की आमच्या सांगलीच्या गणपती पेठेत निम्मी दुकानं रंगकाम काढतात आणि उरलेली रॅक बदलतात. यंदा ज्यांचा बेत आहे त्यांनी अ‍ॅडव्हान्स देण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहितोय. माझे पैसे गेले ते गेले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा वडिलांच्या काळातली आमची लाकडी फडताळं कायमची कामातून गेली. गाळ काढताना ठरवलं, आता लाकूड नको. लोखंडी रॅक घेतले, सुपरमार्केटात असतात तसले. तीन फुटी खण (दोन खांबांमधला फळ्यांचा एक भाग), १५ इंची फळ्या, एका ओळीत ८ खण. पाणी चढायला लागलं की खालची फळी काढून खांबाच्या वरच्या खाचेत अडकवता येते, हा त्यांचा मोठा फायदा. २०२१ च्या जुलैत तो अनुभवूनही झाला.

गेल्या वर्षी शेजारचा गाळा मिळाला. मधली भिंत काढली आणि तीच ओळ ५ खणांनी पुढे न्यायचं ठरवलं. जुन्या पुरवठादारानं धंदा बंद केला होता, म्हणून दुसऱ्याकडे गेलो. विचारलं, "आमच्या जुन्याला जुळेल ना?" म्हणाला, "तीन फुटीच आहे की काका, सेम टू सेम." मी मान डोलावली. फळीला आधार देणारा जुना एक ब्रॅकेट पिशवीत टाकून न्यायला काय झालं होतं, हे बायकोनं नंतर बऱ्याचदा विचारलं.

ओळीतल्या दोन खणांना मधला खांब सामाईक असतो. ८ खणांना ९ खांब पुरतात. म्हणून मी ५ नव्या खणांना ५ च खांब मागवले. पहिला नवा खण जुन्या ओळीच्या शेवटच्या खांबालाच जोडायचा होता. तिथंच घोडं अडलं. ब्रॅकेटचे दोन हूक जुन्या खाचांत गेले, तिसरा अडखळला. फिटरनं हातोडी घातली आणि बसवला. मग फळ्या चढल्या. खालची अगदी सरळ, मधली किंचित कललेली आणि सर्वांत वरची इतकी तिरकी, की वाटाण्याचा दाणा ठेवला तर घरंगळत जावा. फिटर म्हणाला फरशीला उतार आहे. त्यानं नव्या खांबाखाली पत्र्याची चकती सारली, तर वरची सरळ झाली आणि खालची तिरकी! पाणसळ लावली, फरशीत काही खोट नव्हती. हळदीची पाकिटं पुन्हा खोक्यात भरली आणि शटर ओढून घरी गेलो.

रात्री झोप लागेना, सकाळी टेप घेऊन बसलो. एकाच खाचेचं अंतर मोजलं तर दोन्ही खांब सारखेच वाटतात. पण पहिल्या खाचेपासून एकविसाव्या खाचेपर्यंत मोजलं आणि उलगडा झाला. जुना खांब ५०८ मिलिमीटर, नवा ५००. जुन्याच्या खाचा इंचावर पाडलेल्या, म्हणजे २५.४ मिलिमीटरवर, नव्याच्या बरोबर २५ वर. खाली फरक केसाएवढा, पण चाळीस खाचा वर गेलं की तो १६ मिलिमीटर होतो. रुंदीतही तीच गंमत. जुना 'तीन फुटी' खण ९१४ मिलिमीटरचा, नवा 'तीन फुटी' ९०० चा. फरक १४ मिलिमीटरचा, सुताराच्या भाषेत साडेचार सूत. म्हणजे जुनी फळी नव्या खणात शिरत नाही आणि नवी फळी जुन्या खणात पोचत नाही. शेवटी एक जादा खांब विकत घेतला, ओळ तोडली आणि नवे खण वेगळे उभे केले.

मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा. पण पुराचं पाणीसुद्धा आम्ही सांगलीकर अजून फुटांतच मोजतो, तेव्हा एकट्या रॅकवाल्याला कोणत्या तोंडानं बोलू? त्यानं तीन फूट म्हणून ९०० मिलिमीटर विकले, एवढंच. खाचा पाडायची डाय, म्हणजे साचा, महाग असते, ज्याच्याकडे जी आहे ती तो चालवतो, हेही समजतं. माझी तक्रार ही, की बिलावर यातलं काहीच नसतं. माझं बिल आहे असं: 'रॅक, ३ फुटी, हेवी, ५ नग.'

त्या 'हेवी'चंही सांगतो. दुकानदार आहे, तराजू हाताशी आहे, आणि त्याची पडताळणी दरवर्षी करून घेतो. जुनी फळी ३ किलो २०० ग्रॅम भरली, जवळपास त्याच मापाची नवी अडीच किलो. पोलादाचा १ मिलिमीटर जाडीचा चौरस मीटर पत्रा ७.८५ किलोचा असतो. त्या हिशेबानं जुनी २० गेजची, ०.९ मिलिमीटरची, नवी २२ गेजची, ०.७ ची. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे निम्म्या गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं. आट्याच्या पाच किलोच्या पिशव्या मांडल्या की ही फळी मधोमध पोट काढते. आता तिथं बिस्किटं आणि पापड ठेवतो.

दुकानदारांच्या संघटनांनी एकच मागणी लावून धरावी. खांबावर आणि बिलावर खाचांमधलं अंतर, खणाची रुंदी आणि पत्र्याची जाडी, तिन्ही मिलिमीटरमध्ये छापा. विजेचा बल्ब कुठल्याही कंपनीचा आणा, त्याची २२ मिलिमीटरची टोपी आपल्या होल्डरमध्ये बसते. रॅकचं तसं व्हायला वेळ लागेल. निदान लिहा तरी.

आणि हो, इंची खाचांचे, ९१४ मापाचे जुने खण यंदा कुणी मोडीत काढणार असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी पेठेत मला निरोप द्यावा. मला तीन हवे आहेत.

आपला,
एक किराणा दुकानदार,
गणपती पेठ, सांगली