कोहाच्या उभारणीत हात देणाऱ्या सरांना खुले आभारपत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारपासून आमच्या वाचनालयातील देवघेव कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर सुरू झाली. हे कळवण्यासाठी मी फोन केला तेव्हा आपण लगेच मराठी शोध नीट चालतो ना, एवढेच विचारलेत आणि आभाराचे बोलणे राहूनच गेले. आपले नाव कोठे येऊ नये ही आपली इच्छा मी पाळतो आहे. परंतु आपण जे केलेत ते अन्य वाचनालयांतील ग्रंथपालांनाही उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र खुले लिहिले आहे.

न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी तयार झालेले आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेले हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मुक्त आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती भेट घ्यायला आम्ही उत्सुक होतो, पण पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला एवढा मोठा पसारा सर्व्हरवर कसा उभा करायचा, याची मला काहीच कल्पना नव्हती. इकडून तिकडून सूचना गोळा करून मी सीपॅन या पर्लच्या ऑनलाइन भांडारातून एकेक मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार भाग, उतरवत राहिलो. एक बसवले की ते दुसरे मागत असे. पंधरा दिवस असेच गेल्यावर मी आपल्याला फोन केला.

आपण सांगितलेत की, डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी कोहाचे तयार पॅकेज मिळते आणि त्याला लागणारी मॉड्यूल त्याच्यासोबतच येतात. त्याप्रमाणे पॅकेज बसवले, मारियाडीबी हा डेटाबेस आणि अपाचे हा वेब सर्व्हर सुरू केला, कर्मचाऱ्यांच्या पानासाठी ८०८० हे पोर्ट उघडले, तरीही पान उघडेना. त्या रात्री आपण मला त्रुटींची नोंद असलेली फाइल उघडायला लावलीत आणि त्यातील ओळ मोठ्याने वाचायला सांगितलीत. एका मॉड्यूलची आवृत्ती जुळत नाही, असे तिच्यात म्हटले होते. मग पर्ल कोणकोणत्या फोल्डरांत मॉड्यूल शोधतो, त्याची यादी आपण मला पडद्यावर आणायला सांगितलीत आणि विचारलेत, "पॅकेजचा फोल्डर आधी आहे की यूएसआर-लोकल?" यूएसआर-लोकल, म्हणजे हाताने बसवलेल्या गोष्टींचा फोल्डर, आधी होता. मी सीपॅनवरून हाताने बसवलेली मॉड्यूल तेथेच पडून होती आणि पर्ल पॅकेजमधील मॉड्यूलपर्यंत पोहोचण्याआधी तीच उचलत होता. ती बाजूला काढून अपाचे पुन्हा सुरू करताच प्रवेशाचे पान समोर आले. आपल्याला सर्व्हरचा पासवर्ड देऊन हे काम दहा मिनिटांत करून घेता आले असते. आपण तो मागितला नाहीत, प्रत्येक आज्ञा माझ्याच हातून टाइप करून घेतलीत आणि माझी चूक सापडेपर्यंत फोनवर थांबलात. याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

दुसरे ऋण मराठीचे आहे. दाखल नोंदवहीतील पहिल्या काही पुस्तकांच्या नोंदी केल्यावर मी 'शेती' हा शब्द शोधला, तर एकही पुस्तक मिळाले नाही. नोंद मात्र उघडून पाहिली की शीर्षक अगदी शुद्ध दिसत होते. कोहाच्या शोधाचे काम झेब्रा हा वेगळा प्रोग्रॅम करतो, आणि मूळ मांडणीतील त्याचा अक्षरतक्ता देवनागरीसाठी पुरेसा नाही, हे आपण समजावून सांगितलेत. सूचीच्या फाइलमध्ये त्या तक्त्याच्या जागी आयसीयूची, म्हणजे जगभरच्या लिप्या हाताळणाऱ्या साधनाची, ओळ घालून संपूर्ण सूची नव्याने बांधायला लावलीत. त्यानंतर तोच शब्द टाकला आणि शेतीवरची पुस्तके एकाखाली एक आली. आमचे बहुतेक सभासद मराठीतच वाचतात; मराठी शब्दाने पुस्तक सापडत नसते, तर ही सगळी खटपट त्यांच्या काय कामाची होती?

रोजची बॅकअप फाइल सर्व्हरवरच न ठेवता दुसऱ्या संगणकावर उतरवावी, ही आपली सूचनाही अमलात आली आहे. आपण सांगितलेल्या सर्व आज्ञा मी क्रमाने एका वहीत उतरवल्या असून ती वही लिपिकाच्या टेबलावर असते. शेजारच्या तालुक्यातील ग्रंथपाल पुढच्या आठवड्यात ती पाहायला येणार आहेत. त्यांचेही काम मी आपल्याच पद्धतीने, त्यांच्याच हातून करून घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
ग्रंथपाल, तालुका वाचनालय