पडलेला माणूस आणि राज्यपालपद

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका वाचकाने पत्रातून तावातावाने लिहिलंय की निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्यांना राज्यपाल करून त्यांची सोय लावणं बंद करा. वाचलं आणि निम्मं पटलं, पण पडलेला माणूस राज्यपाल होऊच नये हे निम्मं नाही पटलं, त्याबद्दल लिहितो.

माझा भाचा कॅनडात एडमंटनला शिकतो, मॅकइवन युनिव्हर्सिटीत. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी पडवीत आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरत बसलेलो. मागे बोर्ड दिसला म्हणून विचारलं, हा मॅकइवन कोण रे? तर म्हणे मामा, तुझ्याच लाइनचा, शेतीचा प्रोफेसर. मग काय, दोन रात्री मोबाइलवर हेच वाचत बसलो.

ग्रँट मॅकइवन, जन्म 1902 चा. पशुपालन शिकवायचा, गुरं पारखण्यात नाव, पुढे बीफवाल्या शेतकऱ्यांच्या संघटनेच्या नोकरीसाठी कॅलगरीला आला आणि हाच माणूस नंतर शाकाहारी झाला! (आमच्या आंजर्ल्यात हे सांगितलं तर लोक बांगडा पुढे करून हसतील.) 1955 ला अल्बर्टा प्रांताच्या विधानसभेत निवडून आला, 1958 ला तिथल्या लिबरल पक्षाचा नेता झाला आणि 1959 ला जो आपटला तो असा की 65 पैकी 61 जागा सोशल क्रेडिट पक्षाच्या अर्नेस्ट मॅनिंगने नेल्या, लिबरलांना फक्त 1, आणि ती पण याची नाही, हा स्वतःच पडला.

आणि 1966 मध्ये तो झाला त्याच प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर. म्हणजे आपल्याकडचे राज्यपालच, नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्यानेच होते, आणि तेव्हा ओटावात, म्हणजे त्यांच्या दिल्लीत, सरकार लिबरलांचं, त्यामुळे सोय लावली म्हणायला जागा आहेच. पण प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपला मुख्यमंत्री, अजून मॅनिंगच! ज्याने धूळ चारली त्याच्याच सरकारने लिहून दिलेलं भाषण विधानसभेत उभं राहून वाचायचं, त्याच्याच बिलांवर सही करायची. बिलं अडवायची वाट त्याला माहीत नव्हती असं नाही, 1937 मध्ये तिथल्याच बोवेन नावाच्या गव्हर्नराने तीन बिलं रोखली होती, त्यातलं एक तर पेपरवाल्यांना वेसण घालणारं, आणि पुढच्या वर्षी सरकारने त्याचा बंगलाच बंद केला. मॅकइवनने ते काही केलं नाही. सही करायचा, पुस्तकं लिहायचा, मैलोन् मैल चालायचा. 1971 ला सोशल क्रेडिटची 36 वर्षांची सत्ता गेली तेव्हा नवा प्रीमियर पीटर लॉहीडला शपथ पण यानेच दिली, आणि 1974 ला पायउतार झाला.

त्या वाचकाचं एक मात्र मला मान्य, आज पडला आणि उद्या राजभवनात असं नको. मॅकइवनची पण मध्ये सहा-सात वर्षं गेली आणि त्यातही तो 1963 ला कॅलगरीचा मेयर झाला होता, लोकांची मतं घेऊन.

— एक बागायतदार, आंजर्ले, ता. दापोली