चारशे डॉलरची मर्यादा बदला: करांचे कायदे हाताळणाऱ्या वेज अँड मीन्स समितीच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
वेज अँड मीन्स समिती, अमेरिकेचे प्रतिनिधिगृह, वॉशिंग्टन डी. सी.

स. न. वि. वि.

इथे न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या मराठी घरांतली कॉलेजची मुले शिकवण्या घेतात, वेबसाइट करून देतात, रात्री जेवणाची पार्सले पोहोचवतात. त्यांचे टॅक्स रिटर्न भरायला मी मदत करतो. "काका, माझा इन्कम टॅक्स शून्य आहे ना? मग हे आठशे डॉलर कशाचे?" हा प्रश्न ठरलेला.

खर्च वजा जाता ६,००० डॉलर हाती आले, तर १५.३ टक्के दराने सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) यांसाठी भरायचा कर, होतो सुमारे ८४८ डॉलर. हा कर ४०० डॉलरच्या निव्वळ कमाईपासूनच लागतो, आणि ही मर्यादा १९५१ पासून हललेली नाही. त्याच वर्गातला मित्र कॉलेजच्या ग्रंथालयात तेवढेच कमावतो. त्याला मात्र विद्यार्थी म्हणून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर माफ. कॅम्पसवरचे काम सगळ्यांना मिळत नाही. ज्याला ते मिळाले नाही, त्यानेच भुर्दंड का सोसावा?

हे पैसे म्हातारपणी कामाला येतात, असे सांगतात. पण २०२५ मध्ये सोशल सिक्युरिटीचे एक क्रेडिट, म्हणजे पेन्शनच्या पात्रतेसाठी मोजला जाणारा एक गुण, मिळायला १,८१० डॉलरची कमाई लागत होती. वर्षभरात एकूण हजारच डॉलर कमावलेल्या मुलीने १४१ डॉलर भरायचे आणि खात्यावर एकही क्रेडिट नाही, हा उघड अन्याय आहे.

शिक्षणाच्या सवलतीचा तरी आधार असावा, तर तोही नाही. कॉलेजच्या खर्चापोटी करात सूट देणाऱ्या अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिटचा मोठा भाग फक्त इन्कम टॅक्समधून वळता होतो, या करातून नाही. परतावा म्हणून मिळणारा १,००० डॉलरपर्यंतचा भाग, चोवीस वर्षांखालच्या आणि निम्मा खर्च स्वकमाईतून न भागवणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला सहसा नाकारला जातो. आईवडिलांना ही सूट घेता येते, पण दोघांचे उत्पन्न १,८०,००० डॉलरवर गेले की तेही बंद. ही मर्यादासुद्धा महागाईबरोबर वाढत नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत. विद्यार्थ्यांसाठी ४०० ची मर्यादा निदान सोशल सिक्युरिटीच्या एका क्रेडिटच्या रकमेपर्यंत न्या. आणि विद्यार्थ्याने स्वतः भरलेल्या फीची सूट सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्समधूनही वळती करू द्या. दुसरीला चर्चा लागेल, हे मान्य. पहिली मात्र एका आकड्याची दुरुस्ती आहे. तिचे विधेयक याच अधिवेशनात मांडावे.

आपला,
न्यू जर्सीतील एक मराठी करदाता