चिठ्ठीची दुसरी प्रत विकणाऱ्याच्याही हातात देणाऱ्या मिस्त्रींना

दादा, स.न.वि.वि.

नाव आणि गॅरेजचा पत्ता कुठे लिहायचा नाही, असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून तो लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार. मला घ्यायच्या असलेल्या ज्या जुन्या गाडीला आधी सगळ्यांनी 'टकाटक आहे, डोळे मिटून घ्या' म्हटलं होतं, तिचं दुखणं तुम्ही एका सकाळीत उघडं केलंत.

गाडी स्कोडा लॉरा व्हीआरएस. युरोपातल्या तिच्या बहिणीला 2.0 लिटरचं 200 पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) इंजिन होतं. 2011 मध्ये आपल्याकडे आलेली 1.8 टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, 160 पीएस, 250 न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअरची मॅन्युअल. जोडणी शेंद्र्याच्या कारखान्यातली. चालवायला आजही झकास, पण इंजिन फोक्सवॅगनच्या ईए888 घराण्यातल्या दुसऱ्या पिढीचं, आणि त्या पिढीची दोन दुखणी जगजाहीर आहेत: टायमिंग चेनचा (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या साखळीचा) टेन्शनर आणि ऑइल पिणं. जगजाहीर म्हणायचं खरं, पण जुन्या गाड्यांच्या ज्या चकचकीत शोरूमने शंभरावर मुद्द्यांचा रंगीत अहवाल दिला, त्यात इंजिनापुढे चार शब्द होते: 'आवाज नॉर्मल, गळती नाही.' सीटवरच्या डागाचा मात्र फोटोसकट उल्लेख! शिवाय गाडी दाखवताना इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं. गरम इंजिनात काय कळणार, कपाळ?

तुम्ही पहिली अट हीच घातलीत, की गाडी रात्रभर उभी राहील आणि सकाळी तुमच्यासमोरच सुरू होईल. या इंजिनात टेन्शनर ऑइलच्या दाबाने चेन ताणून धरतो. इंजिन बंद झालं की दाब उतरतो आणि मग सगळी भिस्त टेन्शनरच्या खाचांवर. जुन्या डिझाइनच्या टेन्शनरमध्ये खाच धरणारी कडी दगा देते, चेन सैल पडते. मग पहिल्या सेल्फला एक-दोन सेकंद खडखडाट ऐकू येतो. नशीब वाईट असेल तर चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावं लागतं. म्हणून अशी गाडी चढावर नुसती गिअरमध्ये टाकून उभी करू नये, हँडब्रेक पक्का ओढावा, आणि गिअरमध्ये ठेवून मागे ढकलू तर अजिबातच नये. इंजिन उलटं फिरलं की चेनला ढील मिळते. हे त्या गाडीच्या मालकालाही ठाऊक नव्हतं.

नुसत्या आवाजावर तुम्ही निकाल दिला नाहीत, हे विशेष. खालच्या टायमिंग कव्हरवरची बुची काढलीत, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन टेन्शनर जुना की सुधारित ते पाहिलंत. सुधारित टेन्शनर साधारण 2012 च्या सुमारास आला, त्यामुळे या वयाच्या गाडीत कुठला असेल ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पिस्टनच्या खाचा जितक्या जास्त बाहेर, तितकी चेन लांबलेली. मग स्कॅनरवर 93 नंबरच्या गटात कॅमशाफ्टची फेज, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा आपल्या जागेपासून किती अंश सरकलाय ते. आकडा शून्याच्या आसपास हवा, उणे चार-पाच अंशांकडे सरकला की चेनचे दिवस भरले.

त्याच स्कॅनरवर आणखी एक गोष्ट निघाली, जी आधी कुणी उघडूनही पाहिली नव्हती. एररचा एकही कोड नाही, सगळं स्वच्छ. पण 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' जेमतेम काही किलोमीटर, आणि रेडिनेसच्या चाचण्या, म्हणजे कोड पुसल्यावर गाडी स्वतःच्या नव्याने घेते त्या, अर्धवट. म्हणजे गाडी दाखवायला आणण्याआधी कुणीतरी कोड उडवले होते. कोरी पाटी पाहून खूश होणाऱ्यांनी हे दोन आकडे आधी बघावेत.

ऑइलबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते इथे सविस्तर लिहितो, कारण भलेभले इथेच फसतात. या पिढीच्या पिस्टनवरची ऑइल रिंग बारीक आणि तिच्यामागची ऑइल परत जाण्याची भोकंही बारीक. ऑइल बदलायला उशीर झाला की भोकं जळक्या ऑइलने बुजतात, रिंग चिकटते, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडलं न जाता जळत राहतं. वरच्या कॉम्प्रेशन रिंगा मात्र ठणठणीत असतात. त्यामुळे कॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधल्या दाबाचे) आकडे चारही सिलिंडरला सारखे आणि भरपूर येतात, गिऱ्हाईक निश्चिंत होतं, आणि गाडी हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिते. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतची मुभा आहे, तीच मुळात सढळ. कॉम्प्रेशन तपासावंच, पण त्याच्या भरवशावर ऑइलचा प्रश्न निकालात काढू नये. तुम्ही प्लग काढून बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घातलात. पिस्टनच्या माथ्यावर कडेने ओला काळपट पट्टा, मधे कोरडं करडं. एका प्लगच्या चुडीपर्यंत ऑइल चढलेलं. मग मालकाकडे सर्व्हिसच्या बिलांखेरीज मधल्या काळातल्या लिटरभराच्या कॅनची बिलं मागितलीत. ती निघाली, आणि मालकाचा चेहरा उतरला. एवढ्या पिण्यावर ऑइल बदलून भागत नाही. पक्का इलाज सुधारित पिस्टन आणि रिंगांचा, म्हणजे इंजिन उघडणं आलंच.

बाकीचं थोडक्यात. सुरू इंजिनावर ऑइल फिलरची टोपी काढताना ती जोराने आत ओढली जात असेल, सोबत शिटी वाजत असेल, तर पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा फाटलेला. त्याकडे दुर्लक्ष केलं की मागचं क्रँक सील गळू लागतं. टर्बोच्या शाफ्टला आडवी किंचित हालचाल चालते, आत-बाहेर हालता कामा नये. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर असतोच, डबकं नको. थेट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते, कारण तिथे पेट्रोल पोचतच नाही. तो खर्च हिशोबात धरून भाव करावा. पण तेवढ्यासाठी गाडी सोडू नये, असं माझं मत.

कात्रजच्या घाटात तिसऱ्या गिअरला पूर्ण पाय देऊन 115 च्या गटात इंजिनाने मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी पाहिले. दोन्ही हातात हात घालून चढले, म्हणजे टर्बो आणि जादा दाब सोडणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह बरे. पाचव्या गिअरला कमी आरपीएमवरून पाय दिल्यावर आरपीएम उडतो आणि वेग जिथल्या तिथे राहतो का, म्हणजे क्लच घसरतो का, हेही पाहिलं. कारण रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवून, मजा मारायची आणि विकताना मूळ मॅप परत टाकायचा, हा धंदा सर्रास चालतो. मॅप पुसता येतो, घासलेला क्लच लपवता येत नाही. खाली उतरून गाडी बंद केल्यावर तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत. बॉनेटखालून टर्बो थंड करणाऱ्या इलेक्ट्रिक पंपाची गुणगुण येतेय ना, एवढं ऐकायला. येत होती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. सगळं संपल्यावर तुम्ही बिलबुकात कार्बन घातलात आणि सापडलेलं एकेक लिहून काढलंत: टेन्शनर जुना, चेन लांबलेली, रिंगा चिकटलेल्या, कोड पुसलेले, टर्बो उत्तम, पंप चालू. वरची प्रत माझ्याकडे दिलीत. खालची, निळी, मालकाच्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "साहेब, पुढच्या गिऱ्हाईकाला ही दाखवा. चेनचं काम करून घ्या, मग भाव मागा." ना टोमणा, ना आवाज चढवणं. कोड कुणी पुसले हे तुम्ही विचारलंही नाहीत. तो माणूस आधी हुज्जत घालायच्या बेतात होता. चिठ्ठी वाचून तो चेनच्या किटची चौकशी करू लागला.

इतरांनी सांगितलेलं सगळं तोंडी होतं, उद्या 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायला मोकळं. तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून दिलंत, तेही दोन्ही बाजूंना, गाडीत जे चांगलं आहे त्याच्यासकट. या धंद्यात विकणाऱ्याकडूनही कमिशन घेणारे तपासनीस पाहिलेत, म्हणून ती निळी प्रत डोक्यातून जात नाही. अजून असं वागणारी माणसं आहेत म्हणून जुन्या गाड्यांच्या बाजारात पाय ठेवायची हिंमत होते.

एक तक्रार मात्र आहे. प्लग काढून बसवायची मजुरी सोडून तुम्ही काहीच घेतलं नाहीत. स्कॅनर, बोअरस्कोप, घाटातली फेरी, सगळं फुकटात. हे बरोबर नाही. तपासणीचा दर ठरवा आणि पाटीवर लिहा. पुढची गाडी घेऊन येईन तेव्हा आधी पैसे ठेवीन, मगच चावी देईन.

आपला,
एक गिऱ्हाईक