आजीच्या वेळी मी का आले नाही

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा सहज म्हणाले, "तुमच्या न्यूझीलंडात करोना असा काही झालाच नाही म्हणायचं." मी "हो ना" म्हणून विषय संपवला. पण रात्री झोप लागेना. हे फोनवर बोलता येणार नाही, आई लगेच 'जेवलीस का'वर येते. म्हणून लिहिते आहे.

२५ मार्च २०२०च्या मध्यरात्री इथं सगळं बंद झालं, तेव्हा या देशात करोनानं एकही माणूस दगावलं नव्हतं. दुपारी एक वाजता पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न आणि आरोग्य खात्याचे ॲशली ब्लूमफील्ड टीव्हीवर आकडे सांगायचे. आम्ही कुकरची शिट्टी बंद करून ऐकायचो. फिरायला निघालेल्या पोरांना मोजता यावीत म्हणून लोकांनी खिडक्यांत टेडी अस्वलं बसवली होती. आपल्याकडे अस्वल नव्हतं, तर अथर्वनं आईनं शिवलेला कापडी हत्ती बसवला! ८ जूनला देशात एकही रुग्ण उरला नाही. आम्ही मास्कशिवाय बाजारात हिंडत होतो आणि तिकडे सांगलीत तुम्ही दुधाच्या पिशव्या साबणानं धूत होता.

इतकं जमलं कसं, तर चहूकडे समुद्र. पण एवढंच नाही. आमच्या शेजारच्या, पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरच्या आजींनी एकदा कुंपणावरून सांगितलं होतं. १९१८ साली ऑकलंडहून निघालेलं 'तालूने' जहाज त्यांच्या आपिया बंदराला लागलं. जहाजावर फ्लूनं आजारी माणसं असूनही त्याला कुणी अडवलं नाही. तेव्हा पश्चिम सामोआवर न्यूझीलंडचंच राज्य होतं. तिथली जवळपास पाचवा हिस्सा माणसं गेली. शेजारच्याच अमेरिकन सामोआनं जहाजं रोखून धरली, तिथं कुणी मेलं नाही. २००२ मध्ये पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआची माफी मागितली. बाबा, तुमचे आजोबा गेले ती मानमोडी हीच. 'दार वेळेवर लावा' असं त्या आजी म्हणत, आणि मी जोरजोरानं मान डोलवायचे.

मग ते दार आपल्यासाठी लागलं. ११ एप्रिल २०२१ पासून २८ एप्रिलपर्यंत भारतातून कुणालाच येऊ देत नव्हते, अगदी इथल्या नागरिकांनाही. नंतर मुभा मिळाली ती मुख्यतः नागरिकांना आणि त्यांच्या जवळच्यांना. आम्ही तिघंही रेसिडेंट व्हिसावर. मे महिन्यात आजीला ऑक्सिजन लागला, तेव्हा मी तुम्हाला सांगितलं, "तिकीटच मिळत नाहीये."

ते खोटं होतं. तिकडे यायचं तिकीट मिळत होतं. तारीख निवडून झाली होती, कार्ड हातात होतं. परत कधी येऊ देतील, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. अथर्व सहा वर्षांचा होता. मी लॅपटॉप मिटला.

दादा पीपीई किट घालून एकटा स्मशानात उभा होता, तो फोन मी ऑफिसच्या जिन्यात घेतला. मध्येच नेटवर्क गेलं. बाहेर इथली माणसं कॉफीचे कप घेऊन हसत चालली होती. मला त्यांचा राग आला, आणि त्याच संध्याकाळी अथर्वला फुटबॉलला नेताना दार बंद असल्याचं बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे. आजही ते मला नीट लावता येत नाही.

सीमा पूर्ण उघडल्या ३१ जुलै २०२२ ला. दिवाळीला आले, तेव्हा आईनं आजीचं जरीचं लुगडं माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "तिकीट मिळालं असतं तर तू आलीच असतीस." मी नुसती मान हलवली. ते लुगडं इथं कपाटात आहे, अजून नेसले नाही.

दादाला हे माहीत आहे. त्यानं तेव्हाच ओळखलं होतं.

रविवारी फोन करेन. तुम्ही विषय काढला नाहीत तरी चालेल. बाबा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा, उगाच पुरवून पुरवून वापरू नका.

तुमची,
मृण्मयी